येतो म्हणून गेलेले

डूख धरणं म्हणजे काय, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं आणि तेही एका क्रियापदापायी. ज्यांच्यावर धरला ते माझे थोरले दीर. सणावाराला आम्ही एकमेकांकडे जेवतो, दिवाळीला मी त्यांना वाकून नमस्कार करते, ते मला तोंडभर आशीर्वाद देतात. तरीही त्या वर्षात असा एकही आठवडा गेला नसेल की भांडी घासताना मी मनातल्या मनात त्यांना बोल लावले नाहीत.

भाऊजी सिंगापुरातल्या बुकित तिमाहच्या महागड्या काँडोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहतात. आम्ही क्लेमेंटीला, विद्यापीठाजवळच्या सरकारी फ्लॅटमध्ये. मी तिथल्याच एका प्रयोगशाळेत काम करते, नवरा आयटीत. आम्हाला सिंगापूरला भाऊजींनी आणलं, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीसाठी शब्द टाकला आणि पहिले दोन महिने आपल्या घरी ठेवून घेतलं. हे ते विसरलेले नाहीत आणि आम्हालाही विसरू देत नाहीत. कुठलाही विषय निघो, फिरून फिरून गाडी तिथेच येते. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, तेव्हा उठून आत जातात आणि नळ सोडतात.

लाओसच्या उत्तरेकडच्या डोंगरांत पायी फिरायचं, हे भाऊजींच्याच डोक्यातून निघालं. गावागावांतून मुक्काम करत जायचं, लोकांच्या घरी झोपायचं, ते देतील ते खायचं. आम्ही दोघं, ते दोघं आणि सिंगापूरच्याच मरीन परेडची त्यांच्या ओळखीतली दोन मराठी जोडपी. मुलांना इथेच मैत्रिणींकडे ठेवलं. भाऊजी पुढारी, हे सांगायला नकोच. "सह्याद्रीत वाढलेली माणसं आपण, आपल्याला हे डोंगर म्हणजे टेकाडं," असं ते विमानातच म्हणाले. प्रत्यक्षात पहिल्याच चढाला त्यांची जी धाप लागली ती बघून वाटाड्याने दोनदा फुलं दाखवायच्या निमित्ताने सगळ्यांना थांबवलं. माणूस चतुर होता.

डोंगर मात्र खरोखरच सुंदर होते. उतारांवर जाळून काढलेल्या जमिनीत भात पेरलेला, मधेच जळके बुंधे उभे. वाटेत पाठीवर टोपल्या घेतलेल्या बायका भेटायच्या आणि आमच्या काठ्यांकडे बघून हसायच्या. गावं खांबांवर उभी. खाली डुकरं, कोंबड्या, लाकडं; वर शिडीने चढायचं. पहिल्या गावात मी घाबरत चढले, दुसऱ्या गावात सरावाने चढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवून येताना त्याच सरावाच्या तोऱ्यात घसरले. पाय मुरगळला तो चांगलाच. घोटा अंबाड्याएवढा टम्म.

ते घर एका आजींचं होतं. खरं वय कळायला मार्ग नव्हता. दात थोडे, पाठ ताठ. आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला होता. बांधताना काहीतरी पुटपुटायच्या आणि मग हातावरून हात फिरवायच्या. भाऊजींना ते फार आवडलं, "अरे, हे तर आपलं रक्षाबंधन!" म्हणाले. जेवायला बांबूच्या टोपलीत वाफवलेला चिकट भात आला. आजींनी टोपली पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "खाओ." लाओ भाषेत भाताला असंच काहीतरी म्हणतात, हे वाटाड्याने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पण भाऊजी हसून लोटपोट. "म्हातारी हिंदी बोलते! खाओ, खाओ!" मग रात्रभर तेच. आजीही हसत होत्या, कारण घरात पाहुणे हसत होते.

माझा पाय बघून वाटाड्याने ठरवलं की मी आजींकडेच राहायचं. दुसऱ्या दिवशी गावातला कुणीतरी मोटरसायकलवरून मला खाली रस्त्यापर्यंत सोडेल, तिथे आमची व्हॅन येणारच होती. बाकीचे डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात मुक्काम करून तिथेच उतरणार. माझ्यासोबत नवरा थांबेल असं मी धरून चालले होते. पण भाऊजी म्हणाले, "चल रे, तिला काय झालंय, मस्त आराम करेल." आणि नवरा माझ्याकडे बघत, बूट घालत, चालला. त्याचा हिशेब मी वेगळा चुकता केला, तो इथे सांगत नाही.

निघतानाची गोष्ट महत्त्वाची. वाटाड्या सामान घेऊन पुढे गेला होता. भाऊजी शिडीच्या खाली उभे, एका हातात काठीवर लावलेला कॅमेरा, दुसऱ्या हातात फोन. फोनमध्ये त्यांनी भाषांतर करणारं ॲप आधीच उतरवून घेतलं होतं, त्याचा त्यांना अभिमान. त्यांनी आजींना हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "बरंय आजी, येतो! येतो आम्ही!" मग फोन तोंडाशी धरून तेच इंग्रजीत बोलले, "वी आर कमिंग, ग्रँडमा! ऑल ऑफ अस आर कमिंग!" फोन लाओमध्ये बोलला.

आजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांनी काहीतरी विचारलं. फोन म्हणाला, "टुडे इव्हनिंग?" भाऊजींचं लक्ष कॅमेऱ्यात. "येस, येस, शुअर!" म्हणाले आणि पुन्हा एकदा हात जोडले. मी वर ओट्यावर पाय पसरून बसले होते. हे सगळं माझ्या कानांवर पडलं आणि मलाही त्यात काही खटकलं नाही, कारण निघताना माणूस 'येतो' म्हणतो हे आपल्या कानांच्या इतकं अंगवळणी पडलेलं आहे. 'जातो' म्हणणं अभद्र. लहानपणी चुकून कुणी 'जातो' म्हटलं तर घरातली बाई लगेच टोकायची, "जातो नाही, येतो म्हणावं." माझी मुलगी इथे वाढली, तिला हे अजून पटत नाही. मी दारात चप्पल घालत "येते गं" म्हटलं की ती सोफ्यावरून ओरडते, "आई, यू आर गोइंग, व्हाय से कमिंग? व्हाय लाइक दॅट वन?"

दुपारनंतर आजींनी घराखालच्या कोंबड्या धरायला सुरुवात केली.

मला वाटलं, रोजचंच काही असेल. मग एकीमागून एक त्यांनी तीन काळ्या कोंबड्या कापल्या. त्या अंड्यावरच्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनीच हातात घेऊन मला दाखवल्या होत्या. शेजारची बाई पिसं काढायला आली. दुसरी एक बांबूचे कोंब सोलत बसली. भाताची मोठी टोपली चुलीवर चढली. मी बसल्या जागी लसूण सोलून दिला, तेवढंच मला जमण्यासारखं. आजींनी नवा लुगडेवजा कपडा नेसला. मी हातवारे करून विचारलं, कोण येणार? त्यांनी माझ्या मनगटाचा दोरा दाखवला, मग डोंगराकडे बोट केलं आणि हसल्या. मला वाटलं, गावचा काही सण असणार.

ऊन उतरलं तसं त्यांनी जमिनीवर केळीची पानं मांडली. आठ. मी ती पुन्हा मोजली. आम्हीही आठच होतो.

गावच्या शाळेतल्या मास्तरांना थोडं इंग्रजी येत होतं. आजींनी त्यांना पाहुण्यांशी बोलायला म्हणून मुद्दाम बोलावून घेतलेलं. ते आले, ओट्यावर टेकले आणि मला म्हणाले, "तुमचे लोक उशीर करतायत. अंधार पडला तर वाट अवघड आहे. दोन माणसं कंदील घेऊन पाठवू का?"

मी म्हटलं, ते येणार नाहीत. ते पुढे गेले.

"पण तुमचे मोठे भाऊ म्हणाले, येतो म्हणून. संध्याकाळी येतो म्हणाले. ही म्हणते, पाहुण्याला दोरा बांधतात तो वाट सुखाची व्हावी, माणूस परत यावा म्हणून. आणि हे लोक तर स्वतःच म्हणाले, आम्ही सगळे येतो. असं कुणीच म्हणत नाही, म्हणून तिला फार बरं वाटलं."

आता त्या मास्तरांना मी काय समजावणार होते? मी प्रयत्न केला. म्हटलं, आमच्या भाषेत जाताना 'येतो' म्हणतात. त्यांनी विचार केला. मग त्यांनी अगदी सरळपणाने विचारलं, "मग खरंच यायचं असेल तर काय म्हणता?"

मी म्हटलं, "आलो म्हणतो. आलोच."

"येण्याच्या आधी?"

"हो."

मास्तर माझ्याकडे बघत बसले. हसले नाहीत. हसले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आजींना काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण जे सांगितलं त्यावर आजींनी मान हलवली, नाही म्हणाल्या आणि दाराकडे तोंड करून बसल्या. त्यांचा मास्तरांवर विश्वास बसला नसावा. माणूस एवढा हात जोडून तोंडावर खोटं कशाला बोलेल?

मी तिथे त्या आठ पानांसमोर बसले होते. शेजारच्या बायका होत्या, त्यांची माणसं होती, एकाने बाहेर शेकोटी पेटवली. कुणीही जेवणाला हात लावला नाही, कारण पाहुणे आले नव्हते. मला आजींनी वाढलं. मी नको म्हटलं तर त्यांनी माझा हात धरून भाताच्या टोपलीत घातला. तो घास मी कसा गिळला ते माझं मला ठाऊक. त्या मात्र जेवल्या नाहीत. कुत्रं भुंकलं की उठून ओट्याच्या कडेला जायच्या. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि लाजेच्या मागून जो संताप आला त्याला मात्र नाव होतं, पत्ता होता, काँडोत जलतरण तलाव होता.

सकाळी मोटरसायकल आली तेव्हा आजींनी केळीच्या पानात एक जड पुडकं बांधून माझ्या मांडीवर ठेवलं. भात आणि कोंबडी. मास्तरांनी अर्थ सांगितला, "मोठ्या भावासाठी. वाट चुकला असेल, उपाशी राहिला असेल."

खाली रस्त्यावर सगळे भेटले. चहा पीत उभे होते, लाल झालेले, खूश. मी भाऊजींच्या हातात पुडकं दिलं आणि काय झालं ते सांगितलं. सगळं नाही सांगता आलं. भाऊजी ऐकत होते आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू जमत होतं.

"अगं, आपल्यात जाताना येतोच म्हणतात. त्याला काय अर्थ असतो का? तिला कळायला नको?"

मग त्यांनी पुडकं उघडून वास घेतला, "रात्रीचं आहे, पोट बिघडायचं," म्हणाले आणि चहावाल्याच्या कुत्र्यापुढे टाकलं. कुत्र्याने कदर केली. वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. व्हॅनमध्ये बसताना त्यांनी मनगटावरच्या दोऱ्यावर दुसरा हात झाकून धरला होता, हे मी पाहिलं. भाऊजींनी आपला दोरा विमानतळावरच कापला. सोमवारी मीटिंग होती.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी गिळलंही असतं. सून म्हणून पुष्कळ गिळायची सवय असते. पण सिंगापूरला परतल्यावर ही गोष्ट भाऊजींची हुकमी गोष्ट झाली. गुढीपाडव्याच्या जेवणाला त्यांनी ती सांगितली, कुणाच्या मुलाच्या मुंजीत सांगितली. माझा पाय घसरला त्याची नक्कल करायचे, मग म्हातारीची नक्कल, 'खाओ खाओ', मग फोनचा आवाज काढून 'टुडे इव्हनिंग?' आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "म्हातारी अजून आमची वाट बघत असेल!" माणसं डोळे पुसत हसायची. माझा नवराही हसायचा. पुडक्याचा आणि कुत्र्याचा भाग त्यांच्या गोष्टीत कधीच नसे. म्हणतात ना, बोलाचीच कढी, बोलाचाच भात. यांचा बोलाचा, तिचा खरा. खऱ्या कोंबड्या, खरा भात, खरी रात्र.

मी ठरवलं की या माणसाला एकदा वाढलेल्या पानांसमोर बसवायचं.

संधी त्यांनी स्वतःच आणून दिली. भाऊजींना स्वयंपाकाचा भारी नाद. मटण त्यांच्या हातचं खरंच चांगलं होतं, शत्रूचं म्हणून मी खोटं बोलणार नाही. त्या ट्रेकची त्यांनी एक फिल्म बनवली होती. काँडोची फंक्शन रूम घेऊन, मोठा पडदा लावून ती आम्हा ट्रेकवाल्यांना दाखवायची आणि वर स्वतःच्या हातचं जेवण घालायचं असा बेत. चाखायला म्हणून फिल्मचा एक तुकडा त्यांनी ग्रुपवर टाकला. त्यात आजींचा तो उजळलेला चेहरा होता, तिथेच चित्र थांबवलेलं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'म्हातारी अजून वाट बघतेय!' शेजारी हसणारी तीन तोंडं. वर निरोप, 'रविवार दुपार. मटण माझ्या हातचं. कोण कोण येतंय?'

सगळ्यांत आधी मी लिहिलं, 'येतो हं भाऊजी, आम्ही सगळे!'

मग मरीन परेडच्या दोघींना मी फोन केले. गोष्ट त्यांना पाठ होती, हसलेल्याही होत्या. मी फक्त गाळलेला भाग सांगितला. आठ पानं, नवा कपडा, पुडकं, कुत्रं. एकीने मधेच विचारलं, "माझंही पान होतं?" मी म्हटलं, तुझंही होतं. ती मग म्हणाली, "काय करायचं सांग." दुसरीला तर फार सांगावंच लागलं नाही. भाऊजींनी चढावर तिच्या वजनावरून जे विनोद केले होते ते ती विसरली नव्हती. तासाभरात ग्रुपवर ओळीने उत्तरं आली. येतो. येतो हं. नक्की येतो. येतो म्हणजे काय, येतोच!

नवऱ्याने पाय मागे घेतला. "अगं, दादा आहे तो. असं बरं दिसतं का?"

"तू जा ना," मी म्हटलं. "मस्त आराम कर तिथे."

हे शब्द कुठले ते त्याला बरोबर आठवले.

शनिवारी वहिनींचा फोन आला. त्या नेहमीसारख्या आधी मुलीचा अभ्यास, मग हवा, मग भाव असं काही बोलल्या नाहीत. "उद्या तुम्ही कुणी येणार नाही आहात ना?"

"असं का म्हणता वहिनी?"

"तू लगेच 'येतो' लिहिलंस. एरवी तू 'बघू' लिहितेस."

पलीकडे नळ चालू असल्याचा आवाज येत होता.

"यांनी आज लिटिल इंडियातून मटण आणलंय. सकाळपासून मसाला भाजतायत," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ऑफिसातून फोन करतात, आलोच म्हणून. मी पानं वाढते. तुला ती बाई कळली तशी मला पहिल्या दिवशीच कळली होती गं. तुम्ही कुठे जमणार आहात?"

मी सांगितलं, ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरला, खाऊच्या टपऱ्यांच्या मंडपात.

"मी पण येते," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे खरंच येते."

रविवारी दुपारी आम्ही सातजण समुद्राकाठच्या त्या हॉकर सेंटरमध्ये दोन टेबलं जोडून बसलो होतो. वहिनी भाऊजींना मैत्रिणीकडून दही घेऊन येते सांगून निघाल्या होत्या. कुणी काडीवर भाजलेलं साते मागवलं, कुणी पराठ्यासारखा प्राटा, नवऱ्याने फक्त कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतली आणि तिच्यात बघत बसला. गंमत अशी की कुणालाच विशेष भूक नव्हती. सगळ्यांचे फोन टेबलावर पालथे. आधी ग्रुपवर 'कुठपर्यंत आलात?' आलं. मग 'रस्सा तयार आहे!' मग एक फोटो आला. लांब टेबल, कागदी नाही, चांगल्या ताटल्या, वाट्या, मधे पातेलं. ताटल्या मी मोजल्या नाहीत. मोजायची गरज नव्हती.

मग नवऱ्याचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि निखारा द्यावा तसा माझ्या हातात दिला.

"अरे, कुठे आहात सगळे? कुणी फोन उचलत नाही. ही पण दही आणायला गेली ती गेलीच."

"भाऊजी, मी बोलतेय."

"हां, अगं किती वेळ? येताय ना? येतो म्हणालात ना सगळे?"

या वाक्याची मी वर्षभर वाट पाहिली होती. भांडी घासताना, बसस्टॉपवर, प्रयोगशाळेत नमुने थंड होण्याची वाट बघताना मी याचं उत्तर शंभरदा घोकलं होतं. आवाज चढवायचा नाही, हेही ठरवलं होतं.

"अहो भाऊजी, आपल्यात येतोच म्हणतात," मी म्हटलं. "त्याला काय अर्थ असतो का?"

पलीकडे मागे त्यांच्या फिल्मचं संगीत वाजत होतं, बासरी. मग फोन बंद झाला. मला आनंद झाला. सांगायला लाज कशाची? मी समोरचं गार झालेलं साते उचललं आणि चवीने खाल्लं. वहिनी समुद्राकडे बघत होत्या, आणि बऱ्याच वेळाने त्यांनीही एक काडी उचलली.

संध्याकाळी भाऊजी क्लेमेंटीला आले. वहिनी आमच्याकडेच होत्या. दार उघडलं तर ते दोन्ही हातांत फडक्याने बांधलेलं पातेलं घेऊन उभे. टॅक्सीत मांडीवर घेऊन आले असणार, शर्टावर तेलाचा डाग होता. मी बाजूला झाले. ते आत आले, पातेलं टेबलावर ठेवलं आणि बसले. वहिनींकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग पाहिलं नाही. आमची मुलगी खोलीतून डोकावली, हवा ओळखून पुन्हा आत गेली.

"सगळं थंड झालं," ते म्हणाले.

"तिचंही झालं होतं."

"एक फोन तरी करायचा होतात."

"तिच्याकडे फोन नव्हता भाऊजी. तुमच्या हातात होता."

त्यांचा चेहरा लाल झाला. आता ओरडतील असं वाटलं आणि ओरडले असते तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण ते पातेल्याच्या फडक्याची गाठ चाचपत बसले. मग म्हणाले, "मी दोन वेळा गरम केलं. वाटलं, रस्त्यात असाल. मग वाटलं, काही अपघातबिपघात झाला का." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ती जेवली का नंतर?"

वर्षभर ती गोष्ट सांगत फिरलेल्या माणसाने हे पहिल्यांदा विचारलं.

"नाही."

मी आणखी काही सांगितलं नाही. कुत्रं भुंकलं की आजी उठायच्या ते सांगितलं नाही, वाट चुकला असेल म्हणाल्या ते पुन्हा सांगितलं नाही. त्यांचं त्यांना सापडू दे. मी चहाही ठेवला नाही. दिराला चहा न विचारण्याची ही माझी पहिलीच वेळ. नवरा उठायला लागला, त्याला मी नजरेनेच बसवलं.

शेवटी भाऊजी उठले. वहिनींनी पर्स घेतली. आमच्याकडे बूट दाराबाहेर काढतात. ते वाकून बूट घालत होते आणि मी दारात उभी होते. लिफ्ट आली, दार उघडलं. ते सवयीने वळले, हात जोडायला अर्धे उचलले.

"बरंय, ये—"

तिथेच ते अडकले. तोंड उघडं, शब्द अर्धा बाहेर. लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं, वहिनींनी बटण दाबून धरलं. आमच्या शेजारच्या चिनी आजी जाळीच्या दारातून बघत होत्या. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

"जातो," ते म्हणाले.

यावर मी काय म्हणायला हवं हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी थांबले. वहिनींकडे पाहिलं. त्यांचा अंगठा बटणावर होता, नजर समोर.

"जातो नाही, येतो म्हणावं," असं आम्हा दोघींपैकी कुणीच म्हणालं नाही.